एकशे सहा बाइटांचं रसग्रहण

चाकण-भोसरीच्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत नोंदी किती वर्षं जपायच्या, हे कारखानदाराच्या मर्जीवर नसतं. आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक स्वीकारलं, की पार्ट-मंजुरीची कागदपत्रं, टूलिंगच्या नोंदी, डिझाइनच्या नोंदी या सगळ्या तो पार्ट उत्पादनात आणि सर्व्हिसमध्ये आहे तोवर, आणि वर आणखी एक कॅलेंडर वर्ष सांभाळाव्या लागतात. ग्राहकाने वेगळी मुदत घालून दिली तर तेवढा अपवाद. एखादं मॉडेल दहा वर्षं चाललं आणि पुढे दहा वर्षं त्याचे स्पेअर विकले गेले, तर हिशेब विशीपलीकडे जातो. पूर्वी त्याला लोखंडी कपाटं आणि वाळवीचं औषध पुरे होतं. आता नोंदी सर्व्हरवर गेल्या आणि पेच बदलला. वीस वर्षांचा कागद पिवळा पडला तरी वाचता येतो. बाइट मात्र जसेच्या तसे राहिले, तरी ते वाचणारा प्रोग्रॅम मधल्या काळात कितीदा तरी बदललेला असतो.

हा पेच फार देखण्या रीतीने सोडवणारं एक छोटं अवजार आहे. त्याला खिडकी नाही, बटणं नाहीत, रंग नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची आणि एंटर दाबायचा. नाव सेफ-डेन्कोडर. बहुतेकांना ते आयुष्यात एखाद-दुसऱ्या वेळी लागतं, तेही घाईच्या वेळी, आणि घाईत कुणी कारागिरी बघत नाही. म्हणून आज जरा निवांतपणे बघू.

आधी घराण्याची ओळख, थोडक्यात. सेफ ही वितरित साठवणुकीची मुक्तस्रोत प्रणाली. एकच अवाढव्य यंत्र विकत घेण्याऐवजी साधे सर्व्हर एकत्र बांधायचे (असा जथा म्हणजे क्लस्टर), फाइलचे तुकडे करून त्यांच्या प्रती वेगवेगळ्या डिस्कवर ठेवायच्या, आणि एखादी डिस्क गेली की बाकीच्यांनी आपसांत भरपाई करून घ्यायची. सेज वाइल यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत पीएचडी करताना ती रचली; २००६ साली ओएसडीआय परिषदेत तिच्यावरचा निबंध आला. २०१२मध्ये त्यांनी इंकटँक ही कंपनी काढली, २०१४मध्ये रेड हॅटने ती घेतली, आणि २०२३च्या सुरुवातीला रेड हॅटमधली साठवणुकीची मंडळी आयबीएमकडे गेली. दोन्ही कंपन्यांची कार्यालयं पुण्यात आहेत, त्यामुळे हे नाव आपल्याकडे अगदीच परकं नाही. आवृत्त्यांना अष्टपादांच्या कुळातली नावं द्यायची, तीही इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने, अशी तिथली रीत आहे. २०१२च्या आर्गोनॉटपासून २०२४च्या स्क्विडपर्यंत १९ अक्षरं झाली. म्हणजे नोंदींचे साचे बदलायच्या १९ मोठ्या संधी, आणि जुनं न वाचता येण्याचे तितकेच धोके. सेफ ही एकंदरीत धिप्पाड आणि काहीशी हट्टी प्रणाली आहे. तिच्या सगळ्याच आज्ञांना मी देखण्या म्हणणार नाही. पण ही एक आहे.

ती ओळ अशी दिसते: सेफ-डेन्कोडर टाइप आयनोड_बॅकट्रेस_टी इम्पोर्ट पॅरेंट डीकोड डम्प_जेसन. एवढंच. ‘टाइप’नंतर नोंदीच्या प्रकाराचं नाव, ‘इम्पोर्ट’नंतर ज्या फाइलमधून बाइट घ्यायचे तिचं नाव, मग उलगड, मग दाखव. नेहमीच्या आज्ञांना असतात तसे आडव्या रेघांचे पर्याय इथे नाहीत. शब्द डावीकडून उजवीकडे एकेक करून अमलात येतात. आत दोनच जागा आहेत: एकीत कच्चे बाइट, दुसरीत उलगडलेली वस्तू. ‘इम्पोर्ट’ पहिली भरतो. ‘डीकोड’ पहिलीतून दुसरीत नेतो, ‘एन्कोड’ दुसरीतून पहिलीत आणतो. ‘हेक्सडम्प’ पहिली दाखवतो, ‘डम्प_जेसन’ दुसरी. ‘एक्सपोर्ट’ पहिलीतला ऐवज फाइलमध्ये लिहून देतो. एवढ्या भांडवलावर काय काय होतं बघा. ‘डीकोड एन्कोड डीकोड डम्प_जेसन’ असं लिहिलं, की नोंद उलगडली, पुन्हा गुंडाळली, पुन्हा उलगडली आणि मगच छापली. पहिल्या आणि दुसऱ्या उलगडीत फरक पडला तर कुठेतरी गळती आहे. ही तपासणी करणारा वेगळा शब्द रचणाऱ्याने बनवलाच नाही. असलेले शब्द पुन्हा लिहिले की काम होतं. शब्दसंग्रह तुटपुंजा ठेवून वाक्यं अगणित करू देणं, ही रचनेतली श्रीमंती.

आणि या सगळ्याला चालू क्लस्टर लागत नाही. कॉन्फिगरेशनची फाइल नको, पासवर्डची किल्ली नको, नेटवर्क नको. चाकणच्या क्लस्टरमधून काढलेली शंभर-दोनशे बाइटांची फाइल घेऊन माणूस निगडीला घरी आला, तरी लॅपटॉपवर तीच ओळ तेच उत्तर देते. आजारी क्लस्टरला हात न लावता त्याची नाडी बघता येते, आणि तपासताना आपल्याच हातून आणखी काही बिघडण्याची भीती उरत नाही.

आता ‘टाइप’ या पहिल्या शब्दापाशी थांबायला हवं. नवख्या माणसाला तो खटकतो. फाइल दिली आहे ना, मग आत काय आहे ते यंत्रानेच ओळखावं की! उत्तरासाठी चाकणच्या यार्डात उभ्या गाड्यांचा चासी नंबर डोळ्यांपुढे आणा. १७ चिन्हं. आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं त्यात मुद्दाम वापरत नाहीत, कारण त्यांची एक-शून्याशी गल्लत होते. पहिली तीन चिन्हं बनवणाऱ्याची: टाटा मोटर्सची एमएटी, बजाज ऑटोची एमडी२. पण उत्पादनाचा महिना कितव्या जागी लिहिला आहे, ते कंपनीगणिक बदलतं. म्हणून जुन्या गाड्यांच्या व्यवहारात मुरलेला माणूस आधी कंपनी बघतो आणि मगच महिन्यावर बोट ठेवतो. सेफच्या नोंदी याहून अबोल. चासी नंबर आपल्या कर्त्याचं नाव तरी सांगतो. सेफच्या बाइटांत स्वतःच्या प्रकाराचं नाव कुठेच लिहिलेलं नसतं. अब्जावधी नोंदींमध्ये तेच नाव पुन्हा पुन्हा लिहिण्यात जागा कशाला घालवा? नोंद कुठे सापडली, यावरून ती काय आहे हे ठरतं. अंदाज बांधणारं अवजार इथे सहज लिहिता आलं असतं, आणि दहातल्या नऊ वेळा ते बरोबरही आलं असतं. सेफ-डेन्कोडर अंदाज करत नाही. जाणत्याने जे सांगायला हवं ते जाणत्याकडूनच वदवून घेतं. हा संयम मला फार भावतो.

आता प्रत्यक्ष एक नोंद उघडू. सेफची फाइलसिस्टिम फाइलचे साधारणपणे ४ एमबीचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्याला नाव देते ते फाइलच्या आयनोड क्रमांकावरून, म्हणजे तिच्या अंतर्गत ओळखक्रमांकावरून, षोडशमान (सोळा पायाच्या) अंकांत. त्या नावात ना फोल्डर, ना फाइलचं नाव. फोल्डरांची सगळी वंशावळ वेगळ्या ठिकाणी, मेटाडेटाच्या साठ्यात असते. समजा तो साठाच बिघडला. हातात लाखो तुकडे उरले, सगळे धडधाकट, आणि कुणाचंच नाव माहीत नाही. याच प्रसंगाची तजवीज म्हणून प्रत्येक फाइलच्या पहिल्या तुकड्याला ‘पॅरेंट’ नावाचा एक गुणधर्म चिकटवलेला असतो. त्यात त्या फाइलचा घरचा पत्ता असतो, मुळापर्यंतचा. ‘रॅडोस’ या आज्ञेने तो गुणधर्म फाइलमध्ये उतरवून घ्यायचा, आणि वरची ओळ चालवायची.

उदाहरणाला आपण ‘चाकण’ नावाचं फोल्डर आणि त्यात ‘फोटो’ नावाची एक फाइल घेऊ. फोल्डरचा आयनोड १००००००००००, फाइलचा १०००००००००१, दोन्ही षोडशमान. पत्त्याची पूर्ण नोंद भरते १०६ बाइट. सुरुवातीचे सहा: ०५ ०४ ६४ ०० ०० ००. त्यांच्याकडे नंतर येऊ. पुढचे आठ फाइलच्या आयनोडचे: ०१ ०० ०० ०० ०० ०१ ०० ००. उलटे वाटतात, कारण इथे एककाचा बाइट आधी लिहायची पद्धत आहे. मग चार बाइट: ०२ ०० ०० ००, म्हणजे पुढे दोन पूर्वज येणार. पहिल्या पूर्वजाच्या नोंदीला स्वतःचे सहा बाइट: ०२ ०२ २० ०० ०० ००. इथला २० षोडशमान, म्हणजे आपले ३२. त्या ३२ बाइटांत काय? वरच्या फोल्डरचा आयनोड, आठ बाइट. नावाची लांबी, चार बाइट. नाव. आणि शेवटी आवृत्तीक्रमांक, आठ बाइट. म्हणजे नावाला उरले बारा. ‘फोटो’ या दोन अक्षरांना बारा बाइट? हो. यूनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात देवनागरीतली प्रत्येक खूण तीन बाइट घेते, आणि ‘फोटो’त खुणा चार आहेत: फ, ओकार, ट, ओकार. दुसऱ्या पूर्वजाची नोंद हुबेहूब याच लांबीची, कारण ‘चाकण’मध्येही खुणा चारच: च, काना, क, ण. त्याच्या वरच्या फोल्डरचा आयनोड मात्र नुसता १. सेफच्या फाइलसिस्टिमचं मूळ म्हणजे आयनोड १. तिथे वंशावळ संपते. शेवटी ही फाइल कुठल्या पूलमध्ये, म्हणजे साठ्याच्या कुठल्या भागात आहे त्याचे आठ बाइट, आणि पूर्वी कुठल्या पूलमध्ये होती त्या यादीची लांबी, चार बाइट, सगळे शून्य. बेरीज करा: ६, ८, ४, ३८, ३८, ८, ४. भरले १०६.

‘डम्प_जेसन’ हे सगळं मोजक्या ओळींत मांडतो: आयनोड, मग पूर्वजांची यादी, प्रत्येकाचं नाव आणि वरच्याचा क्रमांक, मग पूल. नावं वाचायची ती खालून वर. चाकण, त्यात फोटो. निनावी तुकड्याला घर मिळालं. एखाद-दुसऱ्या फाइलपुरतं हे हाताने करता येतं. सगळ्या साठ्यासाठी सेफएफएस-डेटा-स्कॅन नावाचं थोरलं अवजार आहे, आणि तेही वंशावळ पुन्हा उभारताना हेच पत्ते वाचतं. पण थोरल्याचा निकाल खरा मानण्याआधी एक पत्ता आपल्या हाताने उलगडून पाहिला, की मनाला जो विसावा मिळतो त्याची सर दुसऱ्या कशाला नाही.

त्यातला एक बारकावा सहज निसटतो. प्रत्येक पूर्वजापुढे आवृत्तीक्रमांक का? कारण हा पत्ता शिळा असू शकतो. वरच्या फोल्डरचं नाव बदललं तर सेफ आतल्या लाखो फाइलींचे पत्ते लगेच बदलत बसत नाही. तसं केलं तर एका नावबदलात क्लस्टर गुडघे टेकेल. पत्ता जुना राहतो, पण त्यावर आवृत्ती लिहिलेली असते, त्यामुळे दोन पत्त्यांत तफावत निघाली तर अलीकडचा कोणता हे ठरवता येतं. आळस केला खरा, पण पावती ठेवून.

आता ते सहा बाइट. माझ्या मते साऱ्या सेफमधली सर्वांत सुसंस्कृत सहा घरं हीच. पहिला बाइट सांगतो: मला पाचव्या आवृत्तीच्या साच्यात लिहिलं आहे. दुसरा सांगतो: चौथ्या आवृत्तीचं ज्ञान असलेल्यालाही मला वाचता येईल. पुढचे चार सांगतात: माझी लांबी ६४, म्हणजे आपले १००. हे तीन आकडे मिळून काय साधतं? उद्या सातवी आवृत्ती आली आणि तिने शेवटी दोन रकाने वाढवले, तर जुना प्रोग्रॅम त्याला समजतं तेवढं वाचेल आणि लांबी माहीत असल्यामुळे उरलेलं ओलांडून बिनबोभाट पुढे जाईल. साचा मुळातूनच बदलला असेल, तर नवा लिहिणारा दुसरा बाइट वाढवेल, आणि जुना वाचणारा ‘हे माझ्या आवाक्यातलं नाही’ म्हणून तिथेच थांबेल. अर्धवट समजून भलतंच काही करणार नाही. येणाऱ्या प्रोग्रॅमचं स्वागत आणि गेलेल्याचा मान, दोन्ही सहा बाइटांत.

या साच्याचा उलगडा करणारा कोड उघडला, तर पहिल्याच ओळीत तीन आकडे दिसतात: ५, ४, ४. पाच ही चालू आवृत्ती. पहिला चार म्हणजे ‘कुणाला वाचता येईल’ हा बाइट चौथ्या आवृत्तीपासून आला. दुसरा चार म्हणजे लांबीही तेव्हापासूनच. याचा अर्थ त्याआधी या नोंदींना मथळ्यात नुसता एक आवृत्तीचा बाइट होता. सुसंस्कृतपणा जन्मजात नव्हता, अनुभवाने आला, आणि कधी आला त्याची तारीख कोडने जपून ठेवली आहे. पुढच्याच ओळीत आणखी गंमत आहे. आवृत्ती तीनपेक्षा जुनी असेल तर सरळ परत फिरायचं, आणि शेजारी टिप्पणी: माफ करा, तेव्हाचा माल टाकाऊच होता! मूळ शब्द याहून रांगडा आहे. सगळं जुनं वाचू, अशी फुशारकी मारणाऱ्या प्रणालीपेक्षा इथवर वाचू आणि त्याआधीचं वाचण्यात अर्थ नाही असं तोंडावर सांगणारी मला जास्त विश्वासाची वाटते.

चुकीच्या वेळी अवजार कसं बोलतं, यावरून त्याची जात कळते. आपल्या १०६ बाइटांच्या फाइलीला कुठून तरी एक जादा बाइट चिकटला, समजा संपादकात उघडून जतन करताना शेवटी नवी ओळ शिरली. उलगड तर नीट होते. अनेक प्रोग्रॅम इथे समाधानाने छापून मोकळे झाले असते. हा तक्रार करतो: बफरच्या शेवटी भटका डेटा, ऑफसेट १०६. किती बाइट समजले आणि कुठून पुढे समजले नाहीत, नेमकं. हा एक आकडा पुष्कळ काही सांगून जातो. १०६ आला तर शेपटीला घाण आहे. १२ किंवा २० असा लहानसा आकडा आला, तर बहुधा प्रकारच चुकीचा सांगितला आहे. मुद्दामच सलग बाइटांमधली एखादी नोंद वाचायची असेल तर ‘स्किप’ने सुरुवातीचे बाइट ओलांडायचे. सूट आहे, पण ती मागावी लागते.

आत डोकावलं तर प्रकारांची नोंदवहीही वाचण्यासारखी आहे. प्रत्येक प्रकाराची एकेक ओळ, आणि त्या ओळीतच त्याचा स्वभाव. काही नुसतेच ‘टाइप’. काहींपुढे ‘फीचरफुल’, म्हणजे समोरच्याला काय समजतं ते पाहून आपलं रूप बदलणारे. जुन्या क्लायंटशी जुन्या बोलीत बोलणारे. त्यांच्यासाठी ‘सेट_फीचर्स’ हा शब्द आहे: अमुक इतकंच समजणाऱ्यासाठी ही वस्तू गुंडाळून दाखव. काहींपुढे ‘नॉनडिटरमिनिस्टिक’, कारण दोनदा गुंडाळलं तर बाइटांचा क्रम तोच राहील याची खात्री नाही. काहींपुढे ‘स्ट्रेडेटा’, यांच्या शेपटीला काही उरलं तर चालतं. सरसकट एक नियम लावून अपवादांकडे डोळेझाक करण्याऐवजी प्रत्येकाचा स्वभाव लिहून ठेवला आहे. गुणवत्ता विभागात मुरलेला माणूसच अशी वही ठेवतो.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते स्थळ. जुन्या नोंदी आजही वाचता येतात, हे सिद्ध करायला जुन्या नोंदी हव्यात. कल्पनेतल्या नव्हेत, त्या त्या काळात खरोखर चाललेल्या प्रोग्रॅमने लिहिलेल्या. त्यासाठी सेफच्या कोडमध्ये एक गुप्त कळ आहे. ती चालू करून प्रोग्रॅम बांधला, की तो चालता चालता आपल्या नोंदींचे नमुने एका फोल्डरमध्ये टाकत जातो. नेहमीच्या बांधणीत या कळीचा मागमूसही उरत नाही. अडचण अशी, की एखाद्या प्रकाराची नोंद मिनिटाला हजारो वेळा लिहिली जाते. सगळे नमुने घेतले तर डिस्क भरेल. फक्त पहिले काही घेतले तर बाल्यावस्थेतलेच मिळतील. मग कितवे घ्यायचे? रचणाऱ्याने एक मोजणी ठेवली आणि अट घातली: मोजणीचा आकडा द्विमान पद्धतीत लिहिल्यावर त्यात एकचे अंक दोनपेक्षा जास्त नसतील, तरच नमुना घ्या.

जरा करून बघा. १, २, ३, ४, ५, ६ घेतले. ७ नाही, कारण त्यात तीन एक आहेत. ८, ९, १० घेतले, ११ गेला, १२ घेतला, १३ ते १५ गेले. पुढे १६, १७, १८, २०, २४, ३२. सुरुवातीला दाट, मग विरळ, तरी प्रत्येक दोनाच्या घाताजवळ पुन्हा छोटीशी गर्दी. पहिल्या १,०२४ नोंदींतले नमुने निघतात अवघे ५६, आणि ते सगळ्या काळात पसरलेले: तान्ह्या क्लस्टरचे, तरण्याचे, थोराडाचेही. यादृच्छिक अंकांची यंत्रणा नाही, तक्ता नाही, वेळ मोजणं नाही. आकड्यातले एक मोजायला वापरलेली युक्तीही जुनी आणि देखणी: आकड्यातून एक वजा करून मूळ आकड्याशी ‘अँड’ केलं, की सर्वांत उजवीकडचा एक पुसला जातो; शून्य होईपर्यंत किती वेळा पुसावं लागलं ते मोजा. कर्निघन आणि रिची यांच्या सी भाषेच्या पुस्तकात हा स्वाध्याय आहे. हे लिहिणाऱ्याने वर छोटीशी टिप्पणी लिहून विषय संपवला आहे. मी असतो तर यावर भाषण दिलं असतं.

जमवलेले नमुने आवृत्तीवार एका वेगळ्या संग्रहात ठेवतात. सेफचा कोड बदलला की चाचण्या चालतात, आणि त्यात आपली ओळखीची ओळ पुन्हा भेटते: प्रत्येक जुना नमुना इम्पोर्ट, डीकोड, छाप. मग तोच डीकोड, एन्कोड, डीकोड, छाप. दोन्ही छापील प्रती ताडून बघा. एका अक्षराचा फरक आला तर बदल नापास. शिवाय प्रत्येक प्रकाराला आपले स्वतःचे काही नमुने तयार करून द्यावे लागतात. ‘काउंट_टेस्ट्स’ त्यांची संख्या सांगतो, ‘सिलेक्ट_टेस्ट’ एकेक निवडून देतो. म्हणजे निकडीच्या वेळी माणसाच्या हातात असणारं आणि रोज यंत्राच्या हातात असणारं अवजार एकच. रोजच्या वापराने त्याची धार टिकते. वर्षभर पेटीत पडून ऐन वेळी गंजलेलं निघत नाही.

उणिवा आहेत, आणि त्या न सांगता नुसती वाहवा करणं हे रसिकाचं काम नव्हे. तुकड्याचं नाव षोडशमान आणि ‘डम्प_जेसन’मधला आयनोड मात्र दशमान. आपला १०००००००००१ तिथे १०९९५११६२७७७७ असा उमटतो, आणि दोन्ही एकच हे पटवायला कॅल्क्युलेटर लागतो. हा दुरावा निष्कारण आहे. ज्या चिमुकल्या प्रकारांना सहा बाइटांचा मथळाच नाही, त्यांच्यापैकी चुकीचा निवडला आणि योगायोगाने लांबी जुळली, तर अवजार निमूटपणे निरर्थक आकडे छापतं. मदतीचा मजकूर तुटक आहे. आणि माहितीपुस्तिकेतलं एक उदाहरण फाइलस्टोअर या डिस्कवर लिहिण्याच्या जुन्या पद्धतीच्या जमान्यातलं, जेव्हा डिस्कवरच्या फोल्डरमध्ये थेट जाऊन गुणधर्म वाचता येत. २०१७च्या ल्यूमिनसपासून तिच्या जागी ब्लूस्टोअर ही नवी पद्धत नेहमीची झाली, २०२३च्या रीफमध्ये फाइलस्टोअर काढूनच टाकलं. आता ते उदाहरण हुबेहूब चालवता येत नाही. ओएसडी, म्हणजे डिस्क सांभाळणारा सेफचा प्रोग्रॅम, थांबवून सेफ-ऑब्जेक्टस्टोअर-टूलने तिथला गुणधर्म बाहेर काढावा लागतो आणि मग पुढची ओळ चालते. जुन्या नोंदींची इतकी काळजी वाहणाऱ्यांनी पुस्तिकेच्या एका पानाकडे पाठ फिरवावी, हे जरा मौजेचंच.

कारखान्यांत साठवणुकीचा जिम्मा सांभाळणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या खेपेला कुणी स्टोरेज विकायला आलं, मग ते सेफ असो की आणखी काही, तर वेगाचे आणि टेराबाइटचे आकडे जरा बाजूला ठेवा. त्यांच्या सर्वांत जुन्या आवृत्तीने लिहिलेली एक नोंद मागून घ्या आणि ती तुमच्यासमोर, क्लस्टर बंद ठेवून, आजच्या अवजाराने उलगडून दाखवायला सांगा. ते जमलं तर मग भावाचं बोला.